टिकल्यांचं पाकीट

कोसाडहून मी सुरतेत साड्यांच्या डिझाइनच्या एका ऑफिसात झाडपूस करायला जायची, तेव्हाची गोष्ट. तिथे नवा कॉम्प्युटर आला होता. मिठाईच्या खोक्याएवढा, चपटा, पुढून कसा गुळगुळीत! पाठीमागे मात्र नुसती भोकंच भोकं. धूळ पुसताना मी वायरी काढल्या, पुन्हा लावल्या, तर मशीन चालेचना. शेठ म्हणाले, "मासी, हे बिघडलं असेल तर उद्यापासून येऊ नका."

दुपारी मेकॅनिक आला. त्याचं नाव काही मी विचारलं नाही. हात पँटला पुसून त्याने ते खोकं तान्ह्या बाळासारखं अलगद फिरवलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि हसला. "मासी, काही बिघडलं नाही. कीबोर्डचं आणि माउसचं भोक एकसारखं, म्हणून अदलाबदल झाली. माझीसुद्धा होते, पण शेठना सांगू नका!"

मी म्हटलं, "मग खूण का नाही करत?" आणि पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं. कीबोर्डच्या भोकापाशी लाल टिकली, त्याच्या वायरीलाही लाल. माउसला दोन्हीकडे हिरवी. त्याने टिकलीला टिकली जुळवून वायरी लावल्या, मशीन चालू झालं. मग शेठसमोर म्हणाला, "मशीन ठीक आहे. या मासींना सोडू नका. आणि मासी, ते पाकीट मला द्या, अजून चार ऑफिसं फिरायचीत."

पुढे कंपन्याच भोकांना रंग देऊन पाठवायला लागल्या, जांभळा आणि हिरवा. सुनेला मी अजून सांगते, "अगं, हिरवा आधी मी लावलाय."