पुलावरून पडलेला शर्ट

मी कृष्णेत उडी मारली तेव्हा पूल तीन पुरुष उंच होता. पुढं तो दर वर्षी वाढत गेला. थोरल्या लेकीच्या लग्नापर्यंत पाण्याच्या टाकीएवढा झाला आणि मागच्या दिवाळीत साखर कारखान्याच्या चिमणीला टेकला. पुलानं कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही त्याला थांबवलं नाही.

वाईकडं एका हिंदी सिनेमाचं शूटिंग होतं. मी आणि माझा कुंडलचा दोस्त गर्दीत उभं राहायला गेलो होतो. आमच्या मिशा बघून त्यांनी आम्हाला डाकूंच्या टोळीत घातलं. गोळी लागून एक डाकू पुलावरून नदीत पडतो, असा प्रसंग होता. तो डाकू म्हणजे मी. घरी आल्यावर मी ही उडी एकदा सांगितली आणि तिथून माझं नाव गेलं ते गेलंच. एसटीचा कंडक्टर मला हिरो म्हणतो, डॉक्टर हिरो म्हणून सुई टोचतो, व्याहीसुद्धा पत्रिकेवर कंसात हिरो छापून मोकळा झाला. बावीस वर्षं या एका उडीवर मी गावात ताठ चाललो.

म्हणूनच सिनेमावाल्यांनी स्वतःवर काढलेले हिंदी सिनेमे मी कधी सोडले नाहीत. आमच्याच बिरादरीचे की! सगळ्यांत एक आरसा असतो, भोवती दिवे असतात आणि त्यापुढं नटी रडते. उतरती कळा लागलेला हिरो भिंतीवरचं आपलंच फाटकं पोस्टर बघतो. म्हातारा दिग्दर्शक रिकाम्या स्टुडिओत एकटाच खुर्चीत बसून राहतो. आणि या सगळ्यांच्या मागं चहाचा कप धरून एखादा लाईटवाला दिसतो, तो पापणी लवेपर्यंत गायब. मी कायम त्यालाच बघायचो. एवढे मोठे लोक इतकं मन लावून स्वतःसाठी रडतात, तर कधीतरी ह्याच्याही वाटणीला दोन थेंब येतील, असं मला वाटायचं.

आणि खरंच, गेल्या साली एक लेखिकाबाई दारात येऊन उभी राहिली. शूटिंगच्या दुनियेवर सिनेमा लिहीत होती, वाईत तिला माझा पत्ता लागला होता. दोन दिवस ती आमच्या सोप्यात बसली. तिच्यापुढं मी पाच वेळा उडी मारली. चौथ्या उडीत तर खाली मगरही आणली. बाई सगळं लिहून घेत होती. भाकरी खायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तिथं बायकोशी बराच वेळ बोलत बसली. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, काका, तुमच्यामुळं माझा सिनेमा उभा राहिला.

सिनेमा इस्लामपूरला लागला त्या रविवारी मी टेम्पो भरून माणसं नेली, दुपारच्या खेळाला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दोस्त. मध्यंतराच्या आधी पडद्यावर एक मिशीवाला गावकरी आला. कमरेवर हात ठेवायची पद्धत माझी. उडी माझी, चिमणी माझी, मगर माझी. आमच्या माणसांनी शिट्ट्यांनी छत उचललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं.

मग पडद्यावरचा म्हातारा दिग्दर्शक हसला आणि म्हणाला, त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो.

मुंबईहून आणलेला फोमचा डमी तालमीतच वाहून जातो. मग हा गावकरी शेजारच्या रानातून कडबा आणतो, अंगातला शर्ट काढतो, कडबा ठासून बुजगावणं बांधतो. पुलावरून ते बुजगावणं पडतं. आणि हा हिरो झुडपाआड नुसत्या बनियनवर भजी खात बसतो.

आता इथवर आलोय तर कबूल करतो. असंच झालं होतं. भज्यांसकट. तो फोमचा डमी मात्र अजून सापडलेला नाही, कर्नाटकात कुणीतरी त्याला घरजावई करून घेतला असणार.

अख्खं थेटर हसलं. आमचा टेम्पो सगळ्यांत जास्त हसला. परत येताना कुणीतरी म्हणालं, "बुजगावणं, जरा सरकून बस," आणि मी सरकलो.

गावात उतरताच मी दोस्ताला धरलं. शूटिंगवाले कधीच पांगले होते, शर्टाचं आणि भज्यांचं आता दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्याला. तो शांतपणे म्हणाला, "गड्या, मी सांगितलं असतं, तर भजी कुणी आणली ते आधी सांगितलं असतं. त्या शिनेमात मी कुठं हाय रं?"

ते पटलं. मी घरी आलो. बायको पाटावर बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दोस्ताला कशाला धरता? मी सांगितलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तुमी वाईहून आला, तवा कपडे मीच धुतले. शर्टाला गाळ, शिवणीत कडबा. आन बनियन कोरडा, त्यावर भज्याचं तेल. आवं, उडी शर्टानं मारली हुती."

मला बसायला जागा सापडेना. बावीस वर्षं गप्प का होतीस, विचारलं.

"सांगताना तुमी लय चांगलं दिसायचा." लसणाची पाकळी तिनं ताटलीत टाकली. "डमी वाहून गेला, येवढं बाईला वाईतच कळलं हुतं. म्हणली, हे शिनेमात न्हाई घालणार, निस्तं समजून घ्यायला इचारते. आन बघितलंसा ना मला काय केलंय? हातात ताट देऊन ववाळायला उभी केली. सगळं खरं मानणारी येडी. वळखलं मी, आन हुशारी दिली त्या म्हाताऱ्याला."

खोटं हाच ज्यांचा धंदा, पावसासाठी टँकर आणि रडण्यासाठी ग्लिसरीन ज्यांना लागतं, त्यांना माझं एक खोटं पचलं नाही. स्वतःच्या दुःखावर अडीच तास रडले आणि माझ्यावर हसायला पाचच मिनिटं ठेवली. आणि ज्या घरात बसून भाकरी खाल्ली, त्या घरातलं एकुलतं खरंही उचलून नेलं.

पुढं शाळूला कणसं धरली. बायकोनं ट्रंकेतून तोच शर्ट काढून दिला. मी रस्त्याकडेच्या रानात त्यात कडबा ठासला, मुंडकं बांधलं, त्यावर कोळशानं मिशी काढली. बुजगावणं करण्यात माझा हात अजून कुणी धरलेला नाही. मी मागं बांधावर टेकलो होतो, तेवढ्यात रस्त्यानं कंडक्टरची एसटी आली. दारातून वाकून तो ओरडला, "काय हिरो, रामराम."

बघत होता बुजगावण्याकडं. बांधावर बसल्या बसल्या सवयीनं माझाच हात वर गेला.