चार तारांची चौकशी

तेलगावच्या पुढं, धारूरच्या घाटाखाली एक सहकारी सूतगिरणी होती. तिथं मैनुद्दीन फिटर होता. माणूस उंचापुरा, मिशीला मेंदी, आणि स्वतःच्या दिसण्याबद्दल गैरसमज भरपूर. तरुणपणी त्यानं लग्नाच्या बँडमध्ये बुलबुलतरंग वाजवलेला. त्यामुळं गिरणीनं कामगारांचा ऑर्केस्ट्रा काढायचं ठरवलं, तेव्हा गिटार आपल्याच गळ्यात पडणार याबद्दल त्याला शंका नव्हती. स्टेजच्या मधोमध उभं राहायचं, एक पाय पुढं टाकायचा, केस झटकायचे, एवढा सराव त्यानं गिटार यायच्या आधीच आरशापुढं करून ठेवला.

गिटार आणायला संचालक सुंदरराव औरंगाबादला गेले. वाद्यातलं त्यांना एवढंच कळायचं, की जड वस्तू टिकते. दुकानातल्या सगळ्या गिटारी त्यांनी उचलून पाहिल्या आणि सगळ्यात जड होती ती घेतली. स्पीकरचा डबाही तसाच, उचलून.

मैनुद्दीननं घरी आणून खोळ काढली. लांबलचक दांडा आणि त्यावर जाडजूड चार तारा. डब्याला जोडून त्यानं एक तार छेडली, तर झोपेत म्हैस हंबरावी तसा आवाज आला आणि फळीवरची ताटं थरथरली. स्वयंपाकघरातून त्याची बायको सईदा ओरडली, "हाय अल्ला! किसका पेट दुखरा?"

ती निघाली बेस गिटार. ऑर्केस्ट्रात तिची जागा मागं, ढोलकीवाल्याच्या पाठीशी. लोक गाणाऱ्याला टाळ्या द्यायचे, ढोलकीवर शिट्ट्या मारायचे आणि मैनुद्दीनकडं बोट दाखवून एकमेकांना विचारायचे, "ह्यो दांडकं धरून कावून उभा हाय बे?" त्यानं केस झटकून पाहिले. कुणी बघितलंसुद्धा नाही. महिन्याभरात त्यानं ठरवून टाकलं, हे सोडायचं.

सोडायच्या बेतात असतानाच मांजरसुंब्याला एक लग्न लागलं. वरात रंगात आलेली, आणि भर गाण्यात मैनुद्दीनच्या कानात चिलट शिरलं. वाजवणं थांबवून तो कान खाजवायला लागला. तेवढ्यात गाण्याचं धोतरच सुटलं! सूर तेच, ढोलकी तीच, पण सगळं लटलटायला लागलं. गाणारा वळून बघायला लागला, ढोलकीवाल्यानं चामड्यावर थाप मारून तपासली, नाचणारे वऱ्हाडी थबकून स्वतःच्याच पायांकडं बघायला लागले. काय बिघडलं ते कुणालाच उमगेना. चिलट निघालं, मैनुद्दीननं पुन्हा तार धरली आणि गाणं गाठ मारल्यासारखं जागच्या जागी बसलं.

घरी येऊन तो सईदाला म्हणाला, "मी हाय तवर कुणाला पत्ता लागत न्हाई. नसलो की समद्यांचं अडतंय."

सईदा भाकरी थापत म्हणाली, "म्हंजी आमच्यासारखंच की. आज कळलं का?"

त्या दिवसापासून तो त्या गिटारीच्या प्रेमात बुडाला. कव्वालीला वाजवून बघितली, ती भरल्या बैलगाडीसारखी डुलत चालली. लावणीला वाजवली, तर ठसक्यात कंबर हलवायला लागली. गोंधळात संबळाच्या मागं उभी राहिली, हलगीशी भांडली, पाळण्याच्या गाण्यात तर अशी हळू झाली की पाळण्यातल्या पोराआधी पाळणा हलवणारी झोपली. मैनुद्दीन चारचौघांत सांगायचा, "बाकीची वाद्यं म्हंजी कपडे. लग्नाला येगळे, मयतीला येगळे. ही म्हंजी अंग हाय. हिच्यावर काय बी घाला, शोभतंय!"

पण सहकारी संस्थेत एखाद्याचं बरं चाललंय म्हटलं, की वार्षिक सभा येतेच. विरोधी पॅनेलचे विठ्ठलराव माईकवर उभे राहिले. विठ्ठलराव म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी. अभंग म्हणोत की आरोप करोत, पट्टी एकच.

"गिटारीला तारा किती असत्यात?" त्यांनी सभेला विचारलं.

"सहा!" पोरं ओरडली.

"गिरणीच्या गिटारीला किती हायत?"

"चार!"

"मग राहिल्याल्या दोन तारा कुन्या संचालकानं खाल्ल्या?"

सभेत हलकल्लोळ झाला. सुंदररावांनी घाम पुसला. त्यांनी तारा मोजल्याच नव्हत्या, नुसतं वजन पाहिलं होतं. मैनुद्दीनला राहवलं नाही. तो उठून म्हणाला, "ह्या गिटारीला चारच असत्यात. ही बेस हाय, बेस!"

"बेस म्हंजी काय?"

"म्हंजी पाया."

"बघा!" विठ्ठलराव सभेकडं वळले. "पाया बी अर्धाच आनलाय!"

यावर तीन गावं एकदम हसली. मैनुद्दीन खाली बसला. चौकशीचा ठराव झाला, गिटार हा पुरावा ठरला, आणि पुरावा वाजवायचा नाही असंही ठरलं. गिरणीच्या कोठारात उंदरांचा सुळसुळाट होता, म्हणून तो पुरावा मैनुद्दीनच्याच घरी ठेवायला दिला. उपाशी माणसाच्या मांडीवर ताट ठेवून खाऊ नको म्हणावं, तशातली गत. सईदाची जुनी ओढणी गुंडाळून त्यानं गिटार कपाटावर ठेवली, आणि येता-जाता तिच्याकडं बघून उसासे टाकायला लागला. सईदा म्हणाली, "सवतीकडं बी एवढं बघू दिलं नसतं मी."

त्या साली पावसानं पाठ फिरवली. कापूस बोंडातच करपला, गिरणीचं चाक थांबलं, ऑर्केस्ट्रा पांगला. ढोलकीवाला ऊसतोडीला गेला, गाणारा पुण्यात रखवालदार झाला. विहिरींनी तळ दाखवल्यावर गिरणीच्या मोकळ्या मैदानात जनावरांची छावणी उघडली. गावंच्या गावं बैल-म्हशी घेऊन तिथं राहायला आली. मैनुद्दीनला पाण्याच्या मोटारीवर काम मिळालं. विठ्ठलरावही आपली चार जनावरं घेऊन आले, आणि आल्या आल्या त्यांनी छावणीत भजन सुरू केलं.

पण भजन कसलं! मृदंगाचं चामडं उन्हानं तडकलेलं, पेटीचा भाता फाटलेला. राहिले टाळ आणि विठ्ठलराव. दिवस कलला की त्यांचा आवाज वर चढायचा आणि वरच लटकून राहायचा, खाली यायला शिडीच नाही. पहिले काही दिवस मैनुद्दीननं कानात कापूस घातला. मग त्याच्यानं राहवेना. त्यानं पुरावा कपाटावरून काढला, कडब्याच्या गंजीमागं बसला, मोटारीच्या लाइनवर डबा लावला, आणि आवाज अगदी बारीक ठेवून भजनाच्या पोटाखालून हळूच सूर सरकवला.

विठ्ठलरावांचा अभंग तरंगत तरंगत येऊन जमिनीला टेकला. म्हातारे माना डोलवायला लागले, बाया चुलीवरून उठून आल्या. दुसऱ्या दिवशी तीच रंगत, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. विठ्ठलराव छाती काढून सांगत सुटले, "आवाज सुटलाय माझा! छावनीचं पानी मानवलं बघा." त्यांनी गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या, ताक बंद केलं आणि गळ्याला रुमाल बांधला.

एका संध्याकाळी ऐन रंगात वीज गेली. विठ्ठलरावांचा आवाज मध्येच लटकला, फाटला आणि पार घसरला. वीज आली तसा परत सावरला. पुन्हा गेली, पुन्हा घसरला. आता, विजेवर चालणारा गळा विठ्ठलरावांनीही कधी ऐकला नव्हता. टाळ खाली ठेवून ते उठले आणि वायरीच्या मागानं चालत गंजीमागं आले. बघतात तर मैनुद्दीन गिटार कवटाळून, डोळे मिटून बसलेला.

"पुरावा वाजवतूस व्हय रे?"

मैनुद्दीन दचकून उभा राहिला. "गंज चडंल म्हनून जरा..."

"किती दिस झाले?"

"तुमचा आवाज सुटला तवापून."

विठ्ठलरावांनी गळ्याचा रुमाल सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. मग खाकरून म्हणाले, "हितं मागं कावून बसलास? उद्यापासनं पुडं बस. मला नीट आयकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मैनुद्दीन भजनात पुढं बसायला लागला, आणि नेमकी तेव्हाच चौकशी आली. जीपमधून साहेब उतरले. सुंदरराव कडब्याच्या गंजीआड सरकले. साहेबांनी पुरावा मागवला आणि तक्रारदाराला बोलावलं. विठ्ठलराव पुढं झाले.

"दोन तारा गायब आहेत, अशी तुमची तक्रार आहे?"

"व्हती," विठ्ठलराव म्हणाले. "आता न्हाई."

"म्हणजे तारा सापडल्या?"

"सायेब, हिला चारच असत्यात. त्या बारीक दोन असत्यात ना, त्या लग्नातल्या पोरांच्या गिटारीला. जानत्या मानसाला चार पुरत्यात."

साहेबांना हे पटेना. त्यांनी वाजवून दाखवायला सांगितलं. मैनुद्दीननं आधी अभंगाची चाल धरली, त्यातूनच कव्वालीत शिरला, कव्वालीतून लावणीत उतरला आणि हलगीच्या ठेक्यावर आला. साहेबांचा चेहरा सरकारीच राहिला, पण बूट ताल धरायला लागला. मैनुद्दीननं शेवटी सगळ्यात जाड तारेवर एक लांब सूर सोडला, तेव्हा दावणीवरून विठ्ठलरावांच्या म्हशीनं त्याच सुरात उत्तर दिलं. साहेबांनी बुटाकडं बघितलं, तो आवरला, आणि तक्रारीत तथ्य नाही असा शेरा मारून टाकला.

जीप दिसेनाशी झाली तसा सुंदररावांना जोर आला. "म्या मुद्दामच जड आनलीती," ते सांगायला लागले. "मला ठावं व्हतं, ह्येच्यात दम हाय."

पुढं मृगात पाऊस पडला. माणसं जनावरं हाकत आपापल्या गावी गेली. गिरणी काही परत सुरू झाली नाही. गिटार कुणी परत मागितली नाही. मैनुद्दीननं तेलगावात मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण गिटारीची आमंत्रणं इतकी, की दुकानाला टाळंच जास्त असायचं.

एकदा सकाळीच विठ्ठलराव घरी आले, सप्ताहाचं आमंत्रण घेऊन. बघतात तर धारूरचा कव्वाल चाँद आधीच खाटेवर बसलेला, उरुसाचं आमंत्रण घेऊन. दिवस एकच.

"आमचं आदी ठरलंय," विठ्ठलराव म्हणाले.

"काका, उरूस काय आजचा हाय का?" चाँद म्हणाला. "तुमाला टाळ हायत की. आमाला बेसबिगर कव्वाली बसत न्हाई."

"मला तर अभंगच येत न्हाई आता तिच्याबिगर!"

दोघंही हट्टाला पेटले. मैनुद्दीन मध्ये बसून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत मिशीवर हात फिरवत होता. आपल्यावरून कुणी भांडतंय हे सुख त्याला नवीन होतं, आणि ते लवकर संपावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. शेवटी सईदानं चहाचे कप दोघांपुढं आदळले.

"काकांचं काल्याचं कीर्तन दुपारी सरतंय. कव्वाली दिवस मावळल्यावर हाय. मधल्या वक्तात ह्यांना जेवून जाऊ द्या. आन् डबा उचलायला दोगांनी बी मानूस धाडा. ह्यांची कंबर लई दुखती."

दोघांनी मुकाट चहा प्यायला. मैनुद्दीन उठला, गिटारीची ओढणी सोडली आणि तारा जुळवायला बसला.