वनानी माय नावाचा कॉम्प्युटर

नशिराबादच्या रस्त्याला, घराच्याच पुढच्या खोलीत, जीवरामनानांचं गेमचं दुकान होतं. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि गेमचं दुकान! लोक हसायचे, हसू देत. दुकान मुळात पोराचं, वनाचं. त्याला धुळ्याला कॉम्प्युटर क्लासात नोकरी लागली आणि ते नानांच्या गळ्यात पडलं. त्याच साली त्यांची बायको, लिलाबाई, गेली. मग काय, दिवसभर पोरांचा गलका आणि दिवेलागणीला घर खायला उठायचं.

फोनवर बापलेकाचं बोलणं ते केवढं? "जेवले का नाना?" "हो." "बरं." संपलं! पण गाड्यांच्या शर्यतीचा गेम लागला, की दोघं भांड भांड भांडायचे. म्हणून नव्याण्णवच्या दिवाळीत वनानं एक खटाटोप केला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला फोनची लाइन जोडली आणि म्हणाला, "नाना, हा नुसता पत्ता सांगणारा. मी धुळ्याहून फोन लावीन. माझा कॉम्प्युटर याला नाव विचारेल, हा त्या नावाच्या कॉम्प्युटरचा नंबर देईल, की आपली शर्यत सुरू. तुम्ही ज्यावर बसाल त्याचं नाव तेवढं याच्यात टाका. मायचं टाका."

एवढं सांगून वना धुळ्याच्या गाडीत बसला.

नाना रोज संध्याकाळी खुर्ची पुसून बसायचे. मोडेम कुरकुरायचा, दिवा लागायचा, म्हणजे पोरगा दारापर्यंत आला! पण पडद्यावर त्याची गाडी काही यायची नाही. थोड्या वेळानं दिवा विझायचा. बापाचा कंटाळा आला असेल, असं म्हणून नाना गार भाकरी ताकात कुस्करून खायचे. तिकडे वनालाही तेच वाटत होतं, की नानांना खेळायचंच नाही. पुढे पुढे दिवा लागायचाही थांबला.

शेवटी वनानंच फोन केला, तोही चिडून. "खेळायचं नव्हतं तर सांगायचं ना, नाना! लिलाबाई, लिलाबाई करून दमलो मी. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाहीच."

"नाव टाकेल शे ना रे मी."

"काय टाकलंय?"

"वनानी माय."

म्हणजे वनाची आई. वनाचा चिडका आवाज एकदम खाली आला.

"नाना, तिचं नाव टाका ना."

"तिनं नाव कसं लेऊ रे?"

तिचं नाव कसं घेऊ, हे नाना काही उगाच म्हणत नव्हते. लग्नात घास भरवताना बायका अडून बसल्या तेव्हा एकदा घेतलं, तेवढंच. मग सगळा संसार 'अवं' आणि 'वनानी माय' यावरच गेला. दवाखान्यात तिनं डोळे मिटले तेव्हाही नाना 'अवं, अवं' अशाच हाका मारत होते.

फोन ठेवून त्यांनी एका बोटानं अक्षरं शोधत नाव टाकलं. मोडेम कुरकुरला, दिवा लागला आणि वनाची लाल गाडी पडद्यावर येऊन उभी राहिली. नानांचा हात काही हलेना.

"लिलाबाई," ते मोठ्यानं म्हणाले. आणि नाव घेतलं म्हणून ती आतून ओरडेल, याची वाट बघत बसले.