रायफल आली की जाऊ

परदेशातल्या मराठी मंडळींकडे किस्से फार लवकर साठतात. व्हिसाचे, कचरा चुकीच्या वारी टाकल्याचे, ट्रेनमध्ये झोप लागून भलत्याच गावी पोचल्याचे. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या गटात कोणाकडेही जेवायला जमलो, की पावभाजीचा पहिला तवा उतरायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "मेधा, तो रायफलीचा सांग ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. दहा वर्षं हसतेय, आता गाल दुखतात.

*

भूकंपाच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधली बरीच भारतीय कुटुंबं परत गेली. मीही बॅगा भरल्या होत्या. माझा नवरा श्रीरंग इथल्या एका संस्थेत लेझरवर संशोधन करतो. तो म्हणाला, "हे काँट्रॅक्ट संपलं की जाऊ." मी बॅगा पुन्हा कपाटावर ठेवल्या.

पुढच्याच वर्षी त्याच्या लॅबमधल्या मोरिता-साननी त्याला शूटिंग रेंजवर नेलं. मोरिता-सान म्हणजे लॅबचे वयस्क टेक्निशियन आणि जुने शिकारी. श्रीरंग कॉलेजात एनसीसीमध्ये होता, नेमबाजीत पदकबिदक मिळवलेला. ते भूत पुन्हा मानगुटीवर बसलं. लांब पल्ल्याची, अचूक मारणारी रायफल हवी! स्वतःची!

"घ्या की," मोरिता-सान म्हणाले. "फक्त आधी दहा वर्षं शॉटगन बाळगायची. सलग. मग रायफलीचा परवाना मागता येतो."

मी हसतच सुटले. "दहा वर्षं इथे राहणार कोण?"

श्रीरंग हसला नाही. "रायफल आली की जाऊ," म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

शॉटगनच्या परवान्याची लेखी परीक्षा जपानीत असते. श्रीरंगनं हिवाळाभर घोकंपट्टी केली आणि पास झाला. परिणाम असा, की 'काडतुसांची स्वतंत्र कुलूपबंद साठवण' हे तो जपानीत घडाघडा म्हणायचा आणि दुकानात कांदा मागता यायचा नाही! म्हणून पोलिसांसमोर बोलायला मी. मी इथे दुभाष्याचंच काम करते.

पहिल्या मुलाखतीत पोलिसानं विचारलं, "बंदूक कशासाठी हवी?"

श्रीरंग मराठीत म्हणाला, "नेम धरला की डोक्यातली सगळी कटकट बंद होते. बॉसची, बायकोची, सगळ्यांची."

मी जपानीत सांगितलं, "त्यांना खेळाची आवड आहे."

पोलिसानं समाधानानं मान डोलावली. याचं बोलणं धुऊन, इस्त्री करून पुढे देण्याचं काम मला त्या दिवशी लागलं ते लागलंच.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखलाही लागतो. तो त्याला मिळाला. मला कोणी विचारलंच नाही!

*

मग पोलीस शेजारी चौकशीला आले. आमच्या शेजारी तेव्हा मिलिंद राहायचा. मूळचा सोलापूरचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. खरं बोलण्याची वाईट खोड.

"यांच्या घरातून भांडणाचे आवाज येतात का?"

"येतात की! दर शनिवारी!"

श्रीरंग दारात पांढराफटक.

"पण ते बायकोशी नाही, माझ्याशी भांडतात," मिलिंदनं खुलासा केला.

"कशावरून?"

"गोळीवरून!"

मी चपला न घालताच धावले. रायफल अजून नाहीच आहे, ती घेता आली तर तिला कुठलं काडतूस बरं पडेल यावर चर्चा चालते, असं समजावून सांगितलं. पोलीस गोंधळला. "पण रायफलीला अजून दहा वर्षं आहेत ना?"

"हो, म्हणूनच तर आत्तापासून!" मिलिंद म्हणाला.

*

ती चर्चा म्हणजे पत्रिका जुळवणंच होतं. मिलिंदनं आयुष्यात बंदूक धरली नव्हती, पण व्हिडिओ भरपूर बघितले होते. त्याचं स्थळ होतं साडेसहा मिलिमीटरचं नवं काडतूस. खांद्याला झटका कमी, वाऱ्यात ढळत नाही. श्रीरंगचं मन जुन्या 'तीनशे आठ' काडतुसावर. स्वस्त, सहज मिळणारं, आणि रायफलीची नळीही जास्त वर्षं टिकते. "पहिली रायफल आहे, बजेट बघ!" "अरे, एकदाच घ्यायची तर चांगली घे!" भाजी गार व्हायची.

शेवटी एका शनिवारी मोरिता-सानना जेवायला बोलावून निवाडा मागितला. त्यांनी वरणभात शांतपणे संपवला आणि म्हणाले, "रायफल एकदा घ्यायची, गोळ्या मरेपर्यंत. जी दुकानात मिळते ती घ्या. शिवाय इथे आपल्याला तीनशे मीटरच्या पुढे मारायला जागाच नाही. तेवढ्याला दोन्ही सारखीच."

लांब पल्ल्याचं सगळं स्वप्न तीनशे मीटरांत संपलं होतं.

ताट बाजूला सारत मिलिंद म्हणाला, "पण समजा, पुढे जागा झाली तर?"

*

बजेटवाल्या नेमबाजांचं म्हणणं असं, की रायफल साधी चालेल, स्कोप, म्हणजे तिच्यावरची दुर्बीण, मात्र चांगलाच हवा. आणि स्कोपला परवाना लागत नाही! त्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो नाही, स्कोप आला. रायफल यायला आठ वर्षं बाकी आणि हा रोज संध्याकाळी बाल्कनीत स्कोप लावून रस्त्यापलीकडचा नोटीसबोर्ड वाचतोय. "मेधा, उद्या प्लास्टिकचा कचरा!"

समोरच्या बिल्डिंगमधून तक्रार आली. मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला अर्थात मी. समोरच्या आजींना वाकून वाकून सांगितलं, "माझे यजमान पक्षी बघतात हो."

आजींनी डबा घेतला. म्हणाल्या, "माझ्या बाल्कनीत पक्षी येत नाहीत."

*

हा पुढचा किस्सा मी सगळे जमल्यावर सांगत नाही.

मिळालेली शॉटगन दर वर्षी वसंतात पोलीस स्टेशनात नेऊन दाखवावी लागते. त्या वर्षी तपासणीच्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला, माझे बाबा आयसीयूत. श्रीरंग म्हणाला, "तपासणी चुकली तर परवाना गोत्यात येईल गं. इतकी वर्षं वाया जातील. तू पुढे हो, मी मागोमाग आलोच."

आला. बाबांच्या दहाव्याला.

आईनं विचारलं, "काम झालं का तुमचं?"

"हो, तपासणी अगदी व्यवस्थित झाली," हा म्हणाला. आई म्हणाली, "बरं झालं." मला तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही आणि जावा असं वाटतही नाही.

*

बंदुकीच्या कपाटाच्या किल्लीचा इथला नियम कडक आहे. किल्ली कुठे आहे हे मालकालाच माहीत हवं. बायकोलासुद्धा माहीत असता कामा नये, नाहीतर परवाना गेलाच.

आता, ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्यानं किल्ली लपवायची! कधी बुटात, कधी पोह्यांच्या डब्यात. मग तीच शोधत घर उलटंपालटं. शेवटी एक दिवस मीच ती उचलून देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवली. तेव्हापासून ती माझ्याच ताब्यात, आणि रेंजवर जायच्या दिवशी आमच्याकडे एकच आरोळी, "मेधा, किल्ली!" आणि पोलिसांनी विचारलं, की मी हसून सांगायची, "मला काय माहीत? ते त्यांचं काम."

*

दहा वर्षं भरली. तोवर मिलिंद कधीच परत जाऊन बाणेरला फ्लॅट घेऊन बसला होता. मोरिता-साननी वयामुळे शिकार सोडली आणि त्यांची जुनी तीनशे आठची रायफल स्वस्तात श्रीरंगला द्यायची ठरवली. बंदुकीचं कपाट नीट आहे का, ते बघायला पोलीस घरी येणार होता. तेवढं झालं की परवाना.

त्या सकाळी मी कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या, पुसल्या. चहा देताना विचारलं, "मग, रायफल आली की जायचं ना?"

श्रीरंग टोस्टला लोणी लावत होता. "अगं, दहा वर्षं थांबून मिळतेय. निदान दहा वर्षं वापरायला नको?"

दाराची बेल वाजली.

पोलीस तरुण होता, अदबशीर. बूट काढून, नीट वळवून ठेवून आत आला. माझ्या हातचा चहा घेतला. म्हणाला, सगळं चोख दिसतंय, फक्त कपाट उघडून दाखवा. श्रीरंग लगबगीनं आत गेला. आतून आधी ड्रॉवरचा आवाज, मग डब्यांचा, मग आरोळी.

"मेधा, किल्ली कुठे ठेवलीस गं?"

पोलिसानं हसून विचारलं, "काय म्हणताहेत?"

मी कप खाली ठेवला.

"ते मला विचारताहेत," मी अगदी स्वच्छ जपानीत म्हटलं, "किल्ली कुठे ठेवलीस?"