टोपीवर अडलेलं डोमेन

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भट्टीचा खवा आमच्या ईट गावाहून तुळजापूरच्या पेढेवाल्यांकडे जातो. पेढा खाणाऱ्याला खवा कुणाचा हे कधीच कळलं नाही, आणि ते मला लहानपणापासून खुपायचं. म्हणून आपली वेबसाइट काढायचं ठरवलं. तिच्यासाठी हवं होतं तेच नाव, म्हणजे डोमेन, मोकळं निघालं तेव्हा मी बसल्या जागी ओरडले. भट्टीचं लायसन आण्णांचं, तेव्हा डोमेनही त्यांच्याच नावावर, हा माझा हट्ट.

डोमेनवाल्यांकडे पैसे भरले आणि ओळख पटवण्यापाशी गाडी अडली. आधार कार्ड चाललं, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून चेहराही दाखवायचा होता, तोही उघड्या डोक्यानं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर नाव पुन्हा मोकळं, कुणीही घ्यावं. आण्णांनी हे ऐकलं आणि टोपी आणखी घट्ट बसवली. आमच्याकडे चारचौघांत बोडक्यानं बसायचं ते दुखवट्यात.

"घरात समदी धडधाकट हायती. मी कशापायी बोडक्यानं बसू?"

माझं डोकंच फिरलं. टोपीसकट दोनदा प्रयत्न केला, दोनदा नकार आला. शुक्रवार उजाडला. भाकरी थापताना मनात आलं, ही टोपी उतरते तरी कधी? झोपताना, पण तेव्हा डोळे मिटलेले. आंघोळीला, त्याचा विचारच नको. आणि दर शुक्रवारी दाढीला! आण्णा आत्ताच तिकडे गेले होते. तव्यावरची भाकरी आईच्या गळ्यात घालून मी पळाले.

कटिंगच्या दुकानात बायकांनी जायची रीत नाही. मी गेले. टोपी खुंटीवर होती, फेस अजून लागायचा होता. दुकानदाराला थांबा म्हटलं आणि आण्णांसमोर मोबाइल धरला. ते हो म्हणाले नाहीत, पण खुर्चीतून उठलेही नाहीत. पुन्हा नकार. एकाहून जास्त चेहरे दिसतात म्हणे. दिसणारच, दोन्हीकडे आरसे! दुकानदारानं हसत हसत, मागे कोरी भिंत येईल अशी खुर्ची वळवली. आण्णांनी सांगितल्याप्रमाणे पापण्या मिटल्या, उघडल्या, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ओळख पटली! मी त्या दुकानात नाचायचंच काय ते बाकी होतं.

आण्णांनी आधी टोपी घातली, मग मोबाइल मागितला. वेबसाइटचं पान कोरं होतं, वर फक्त नाव.

"ह्यात तर निस्तं नावच हाय."

"त्याच्याखाली आता खवा यायचाय आण्णा. तुमचा."

दाढी तशीच राहिली होती. मग आरशात बघून त्यांनी टोपी सरळ केली आणि ताठ बसले.

"फोटू काढ. त्यांनला बोडकं दावलं, गिऱ्हाइकाला असं दाव."