चौथा दगड

६ मार्च १९८४. एटापल्लीकडच्या आमच्या शाळेत मी तालुक्याला पाठवायचा गावमाहितीचा फॉर्म भरत होते. 'गावाचा इतिहास' या रकान्यासाठी एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं. त्यानं मला वेशीबाहेर नेलं. मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड तिथं रांगेत होते. एकेकाला तळहात टेकवून तो दगड कुणाचा, तो माणूस कसा गेला ते सांगू लागला.

तिसऱ्या दगडाशीच मी घड्याळ पाहिलं.

"घाई काऊन करून राह्यले, बाई? हे कुठी पळून नाई जात."

"भाऊ, रकाना दोनच ओळींचा आहे," म्हणत मी परतले आणि 'उपलब्ध नाही' लिहिलं. चौथा दगड कुणाचा, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीपाशी तो गुरं घेऊन उभा होता.

"आमचे सारे लिवले ना, बाई?"

मी हो म्हटलं आणि फॉर्मचं पाकीट कंडक्टरच्या हाती दिलं.