पदरात बांधलेल्या बांगड्या

कॉलेजात मला ‘जागतिकीकरण आणि ग्रामीण स्त्री’ यावर व्याख्यान द्यायचं होतं. विषय मला फारसा कळत नव्हता. निदान फोटो तरी चांगले असावेत म्हणून मी रावेरला, आखाती देशांत जाणारी केळी भरतात त्या शेडमध्ये गेलो.

तिथे एक बाई केळ्यांच्या फण्या धूत होती. मी पेपर तपासतो त्याहून कितीतरी बारकाईने ती एकेक फणी निरखायची. परदेशी गिऱ्हाइकाला सालीवर ओरखडा चालत नाही, म्हणून तिने बांगड्या काढून पदराच्या टोकाला बांधल्या होत्या. हात अगदीच मोकळे दिसू नयेत म्हणून मनगटाला हळदीचा दोरा होता.

मला दोरा फोटोत फिका वाटला. “ताई, जरा बांगड्या घालून फणी धरा ना. तेवढंच ग्रामीण दिसेल.”

तिने फणी हळूच खाली ठेवली. “भाऊ, बांगड्या घातल्या तं केळीले हात लावू देत नाही. हात लावाचा तं बांगड्या काढा लागता. तुमाले कोनता फोटो पाहिजे?”

मी नुसत्या केळ्यांचा फोटो काढला. व्याख्यानात तो सगळ्यांना फार आवडला. एकाही केळ्यावर ओरखडा नव्हता.